बादलीतले नऊ मासे

मंगळवार, ३ फेब्रुवारी

प्रिय रुपा,

पोस्टमनने हातात पाकीट दिलं की तू आधी घाबरशील, मग अक्षर बघशील आणि म्हणशील, "हे बया काहून पत्र लिहून राहिली? फोन मेला का हिचा?" फोन ठणठणीत आहे. परवाच आपण अर्धा तास बोललो. अंजूच्या परीक्षेचं झालं, तुझ्या गुडघ्याचं झालं, माझ्या बदलीचं रडगाणं झालं. जे बोलायचं होतं ते सोडून सगळं झालं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर तू मला पूर्ण बोलू दिलं नसतंस. दुसऱ्या वाक्यालाच "जाऊ दे वं" म्हणाली असतीस आणि मी तेवढ्यावर सुटले असते. मला मी चांगली ओळखते. म्हणून आज शाळेतून आले आणि चहासुद्धा न ठेवता लिहायला बसले आहे. चार कागद फाडून झाले, हा पाचवा.

रविवारी मच्छीमार संस्थेची सभा आहे. तुझ्या घरधन्यांनी, इश्वरभाऊंनी पुन्हा सभासद करून घ्या म्हणून दिलेला अर्ज त्या दिवशी निघणार. परवा तू हसत म्हणालीस, "झालं त झालं, नाही त आता राहतो ते वरठी हायेच." मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. हे दुकानातून आले आणि विचारू लागले, कोणी गेलं का म्हणून.

डिसेंबरात मी ताईकडे जायला वरठी स्टेशनावर उतरले होते, तेव्हा इश्वरभाऊ भेटले हे मी तुला सांगितलं. काय बोललो ते सांगितलं नाही. सायकलच्या हँडलला पिवळं हेल्मेट अडकवून ते कारखान्याच्या ड्यूटीवरून येत होते. मला पाहून उतरले, सायकल तशीच धरून उभे राहिले. मला वाटलं, गावच्या लोकांची चौकशी करतील, नाहीतर दोन शब्द मनातले बोलतील. ते म्हणाले, "ताई, तलावाचं पाणी कुठवर हाय? खालची पायरी उघडी पडली का?" मी म्हटलं, नाही अजून. त्यावर म्हणाले, "मंग यंदा बरं हाय." एवढंच बोलून ते सायकलवर बसले. रुपा, ज्या गावाने त्या माणसाला चोर ठरवलं त्या गावच्या पाण्याची त्याला काळजी, आणि मी त्याच तलावाच्या पाळीवरून रोज शाळेत जाते आणि मान खाली घालून जाते. ताईकडे दोन दिवस राहिले, घास उतरला नाही. तिला सांगितलं, पित्त झालंय.

तू आणि मी पवनीच्या शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा तू खोटं बोलायचीस आणि पकडली जायचीस, मी खोटं बोलायचे आणि माझ्यावर विश्वास बसायचा. आठवतं? बाईंच्या टेबलावरची फुलदाणी मी फोडली आणि उभी तू राहिलीस. माझे वडील मागवाले, घरात चार माग, दिवसभर खटखट. तुझी माय बाजारात टोपली घेऊन बसायची. लोकांना वाटायचं, कोष्ट्याची पोरगी कशाला खोटं बोलेल. पुढे तू लग्न होऊन या तलावाच्या गावात आलीस आणि आठ वर्षांनी माझी नेमणूक नेमकी याच गावच्या शाळेत झाली. पहिल्या दिवशी तू शाळेच्या फाटकाशी ओरडलीस, "आली वं माही भुजली!" सगळी पोरं हसली. नवीन मॅडमचा रुबाब त्याच दिवशी संपला. आपण सातवीत एकमेकींच्या कानामागे भुजलीचे गव्हाचे कोंब खोचून मैत्रीण मानलं तेव्हापासून तू मला नावाने हाक मारली नाहीस, कुठे भांडताना मारली असशील तेवढीच.

आता माशांचं सांगते. तलावातला तो काळा, खवल्याखवल्यांचा, पोटाशी तोंड असलेला मासा, ज्याने तुमची जाळी फाडली, ज्याला कोणी खात नाही, जो पाळीच्या मातीत बिळं करतो, तो माझ्या घरातून गेला आहे.

लिहिलं एकदाचं. हे वाक्य लिहायला मला साडेचार वर्षं लागली.

आमचा भूपेंद्र लॉकडाऊनमध्ये नागपूरहून घरी आला तेव्हा सोबत काचेच्या दोन पेट्या घेऊन आला होता, तुला आठवत असेल. तू बघायला आली होतीस आणि म्हणाली होतीस, "आमी मासे पाण्यातून काढतो, हा पोट्टा घरात पाणी आणून मासे टाकते." त्याने पेट्या वाढवत वाढवत सहा केल्या. आसगावात, लाखांदुरात, कुणाकुणाला फोनवरून रंगीत मासे विकायचा. त्या माशांत हे सकर होते. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, हे काच साफ करतात, यांना वेगळं खायला घालावं लागत नाही. बोटाएवढे होते तेव्हा. काचेला तोंड चिकटवून दिवसभर शेवाळ चाटायचे. खरं सांगते, मला ते आवडायचे. बाकीचे मासे नुसते मिरवायचे, हे कामाला लागलेले असायचे. मी त्यांना झाडूवाले म्हणायची आणि काकडीच्या चकत्या टाकायची.

मग भूपेंद्रला पुण्यात नोकरी लागली. रंगीत मासे त्याने विकले, काही मेले. हे नऊ राहिले. माझ्या हातची काकडी खाऊन वीत वीत झालेले. काचेची पेटी पुरेना म्हणून मी त्यांना मागच्या सिमेंटच्या टाक्यात ठेवलं. त्या टाक्यात मला कपडे भिजवता येईनात. भूपेंद्रला फोन केला तर म्हणाला, दुकानदार परत घेत नाही, आई तू बघ काय करायचं ते. हे म्हणाले, खड्डा करून पुरून टाक. मी म्हटलं, जिवंत? तर म्हणाले, मग मेल्यावर पूर. असा माणूस आहे. मला काही ते होईना. वर्षभर ज्यांना हाताने खाऊ घातलं त्यांना मातीत टाकायचं कसं? मला वाटलं, तलाव एवढा मोठा आहे, त्यात हजारो मासे आहेत, त्यांत हे नऊ. पाण्याचा जीव पाण्यात जाईल. पुण्यच लागेल, असंही वाटलं. परिसर अभ्यास शिकवणारी बाई मी, तिसरीच्या पोरांकडून तलावात प्लास्टिक टाकणार नाही अशी शपथ घेऊन घेणारी, आणि मला पुण्य वाटलं.

आणि तसंच उघड्यावर जाऊन सोडायची लाज वाटली म्हणून मी भुजलीचा दिवस निवडला. राखीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्याच बायका टोपल्या-बादल्या घेऊन तलावावर जातात, कोणी काही विचारत नाही. मी बादलीत मासे घेतले, वर पळसाच्या पानांवर भुजली रचली, हळदीकुंकू वाहिलं. तुम्ही गाणी म्हणत पुढे, मी मागे. बादली जड होती, आतून ठक ठक व्हायचं, मी मोठ्याने गाणं म्हणायची.

वर मी लिहिलं की मासा माझ्या घरातून गेला. तेही मी सांभाळून लिहिलं आहे, रुपा. पुढचं सांगते. पायऱ्यांवर शेवाळ होतं. मी कचरत उभी होते तर तूच मागे वळलीस. "आण इकडं, पडशीन नाही त, शाळेतली मॅडम तलावात आंघोळ करून राहिली म्हणतीन लोकं." माझ्या हातातली बादली तू घेतलीस. विचारलंस, "काय भरलं वं एवढं?" मी म्हटलं, श्रावणभराचं निर्माल्य आहे, तशीच उलटी कर. तू गुडघाभर पाण्यात गेलीस आणि बादली बुडवून उलटी केलीस. मग दचकलीस. "पायाले काईतरी लागलं वं!" मी वरून म्हटलं, मरळ असेल. तू म्हणालीस, "मरळ अशी खरखरीत नसते," आणि हसलीस. वर येऊन ओल्या हाताने माझ्या कानामागे भुजली खोचलीस. मी तुला वाकून नमस्कार केला, तू मला केलास. आपण दोघी त्या दिवशी किती आनंदात घरी आलो.

म्हणजे मासे सोडायला मी तुझे हात वापरले. तुझ्याच नवऱ्याच्या तलावात.

त्याच महिन्यात इश्वरभाऊंनी संस्थेसाठी माशांचं बीज आणलं होतं. मी शाळेच्या व्हरांड्यातून बघत होते. शाळा अजून बंदच होती, तरी गल्लीत शिकवायचे त्या पोरांना मुद्दाम पाळीवर नेऊन दाखवलंही. इश्वरभाऊंनी पिशव्या लगेच फोडल्या नाहीत, अर्धा तास तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या. पोरांनी विचारलं कायले, तर म्हणाले, "बीजाले नव्या पाण्याची सवय होऊ द्या लागते. एकदम सोडलं त घाबरते." मग एकेक पिशवी ओंजळीतून सोडली. ज्या माणसाने इतक्या हळुवार हाताने रोहूचं बीज सोडलं त्याच्यावर गावाने ठपका ठेवला, की स्वस्तातलं घाणेरडं बीज आणलं आणि त्यातून हा मासा आला.

दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि जाळ्यात हे येऊ लागले. आधी दोन-चार, मग टोपली टोपली. तू मला फाटलेलं जाळं दाखवायला आणलं होतंस. इश्वरभाऊंच्या हाताला काटा लागून हात सुजला होता. पाळीवर हे मासे फेकलेले असायचे, कुत्री वास घेऊन निघून जायची. मी शाळेत जाताना त्यांच्यावरून पाय उचलून जायची. दुरूनच ओळखलं होतं मी. आपल्याच पोराला कोणी ओळखत नाही का?

तुला वाटेल, झालं, एवढंच होतं. एवढं असतं तर मी कदाचित फोनवरही सांगितलं असतं. माणसाच्या हातून चूक होते, अजाणतेपणी होते. तू माफ केलं असतंस, गावही चार दिवस तोंड सोडून गप्प बसलं असतं. पण यापुढचं अजाणतेपणी झालेलं नाही.

त्या वर्षीच्या मे महिन्यात केवळरामभाऊ शाळेत आले. सुट्ट्या लागल्या होत्या, मी निकालपत्रकं लिहीत एकटीच बसले होते. त्यांनी घमेल्यात पाणी घालून एक जिवंत मासा आणला होता. संस्थेचे अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचा माणूस, माझ्यापुढे घमेलं ठेवून खाली बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या. हा कोणता मासा व्हय? कुठून आला आमच्या तलावात? आमाले काही समजून नाही राहिलं." रुपा, विचारायला माणूस थेट माझ्याकडेच आला होता. घमेल्यातला मासा कडेला तोंड चिकटवून बसला होता, तसाच, जसा काचेला बसायचा. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, बाहेरचा दिसतो भाऊ. मग त्यांनी विचारलं, बाहेरचा आला कसा? आणि मी म्हटलं, बीजातून येतात असे. स्वस्तातलं बीज असलं की भेसळ असते.

कोणी मला तसं बोलायला लावलं नव्हतं. "माहीत नाही" म्हणता आलं असतं. पण त्यांची नजर माझ्यावर होती आणि मला वाटलं, यांना काहीतरी उत्तर दिलं नाही तर हे आणखी विचारतील, कोणाकडे असे मासे होते का, आणि मग कोणाला तरी भूपेंद्रच्या पेट्या आठवतील. म्हणून मी पटकन दुसरीकडे बोट दाखवलं. इश्वरभाऊंचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. बीज कोणी आणलं होतं हे अख्ख्या गावाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. केवळरामभाऊ उठले, म्हणाले, "बरोबर हाय तुमचं," आणि घमेलं डोक्यावर घेऊन गेले.

जूनमध्ये सभा झाली. समाजमंदिर आणि शाळा समोरासमोर, मी वर्गात होते, खिडकी उघडी होती. इश्वरभाऊ ओरडून सांगत होते, "माह्या हातातून गेलं सारं बीज! एकेक ओंजळ पाहून सोडली मी! असा मासा त्यात नव्हता!" आणि मग कोणीतरी म्हणालं, "शाळेच्या मॅडम खोटं बोलतीन का?" मी ते ऐकलं. त्यानंतर इश्वरभाऊंचा आवाज आला नाही. मी उठून खिडकी लावून घेतली आणि पोरांना पाढे म्हणायला सांगितले. त्या दिवशी त्यांना संस्थेतून काढलं. पावसाळा संपायच्या आत तुम्ही घराला कुलूप लावलं. जायच्या दिवशी तू माझ्याकडे येऊन तुळशीचं रोप देऊन गेलीस, पाणी घालत जा म्हणालीस. आणि म्हणालीस, "तू एकटीनंच त्याहिले चोर म्हटलं नाही." मी तुझ्या गळ्यात पडून रडले. तू माझे डोळे पुसलेस. तुला वाटलं, मैत्रीण जाते म्हणून रडते आहे.

का गप्प राहिले, याची कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. भूपेंद्रचं लग्न जुळत होतं. हे म्हणाले, आता बोलून मासे का परत येणार आहेत? शाळेत मान होता. सगळी कारणं मी इतकी वर्षं मनात घोळवली आहेत आणि एकही इश्वरभाऊंच्या सायकलीसमोर टिकत नाही. मी भित्री आहे, बाकी काही नाही. गेल्या आठवड्यात पुण्याहून भूपेंद्रचा फोन आला, सुनेला काचेची पेटी घ्यायची आहे म्हणाला. मी त्याला इतकी बोलले की तो घाबरला. मग सगळं सांगितलं.  तर म्हणाला, आई, मासे माझे होते, माझं नाव सांग. मी म्हटलं, नाही, तू "तू बघ" म्हणाला होतास, बघितलं मी.

तलाव आता पूर्वीसारखा होणार नाही. तालुक्याहून मत्स्यविभागाचे साहेब येऊन गेले, ते म्हणाले, जाळ्यात आलेला प्रत्येक सकर काढून पुरायचा, पाण्यात परत टाकायचा नाही, दुसऱ्या तलावात जाऊ द्यायचा नाही, एवढंच हातात आहे. दर रविवारी संस्थेची माणसं काढतात. गेल्या दोन रविवारी मीही गेले, पाळीमागे खड्डा खणायला. बायका विचारतात, मॅडम तुमाले काहून एवढं? ज्यांना जिवंत पुरणं मला जमलं नाही त्यांना आता मी फावड्याने पुरते. रडू येत नाही. काठावरची तुमच्या डोंग्याची जागा रिकामी आहे, तिथे कोणी आपली नाव लावत नाही, हे मात्र बघवत नाही.

म्हणून हे पत्र. मी संस्थेची सभासद नाही, सभेत मला बसू देणार नाहीत, आणि दाराशी उभी राहून बोलायला लागले तर ऐन वेळी माझी जीभ पुन्हा वळेल अशी मला भीती वाटते. लिहिलेलं मागे घेता येत नाही. उद्या सकाळी आसगावला जाऊन हे स्पीड पोस्टाने तुला पाठवते, शुक्रवारपर्यंत मिळेल. याचीच दुसरी प्रत मी लिहून ठेवली आहे, ती रविवारी सकाळी केवळरामभाऊंच्या हातात स्वतः देणार आहे. त्या दिवशी मी दिली नाही तर तू ही प्रत घेऊन ये आणि सगळ्यांसमोर वाच. तू मला सोडवायचं म्हणून हे पत्र लपवशील, म्हणून दुसरी गोष्ट सांगते: आधी हे इश्वरभाऊंना वाचून दाखव, मोठ्याने, पहिल्या शब्दापासून. माफीचं मी तुला काही विचारत नाही. ते तुमचं दोघांचं आहे, आणि नाही दिली तरी मी रविवारी फावडं घेऊन पाळीवर जाईन. सभेला लागेल ते खाली लिहून देते.

मी खाली सही करणार लिहून देते की नऊ सकर मासे माझ्या घरचे होते आणि ते मी भुजलीच्या दिवशी दुसरीच्या हातून तलावात सोडले. बादलीत काय आहे हे रुपा इश्वर नान्हे हिला मी सांगितलं नव्हतं. इश्वर नान्हे यांनी आणलेल्या बीजात हा मासा नव्हता. बीजाबद्दल मी संस्थेच्या अध्यक्षांना जे सांगितलं ते खोटं होतं, आणि सांगताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं.

तुझीच भुजली,
रंजिता संजीव हेडाऊ
सहायक शिक्षिका, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा